तेजरामचे रविवार

तेजराम पटले भित्रा होता असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. तो अंधाराला भीत नसे, सापाला भीत नसे, सरपंचाला तर मुळीच भीत नसे. त्याचं भिणं वेगळं होतं. घरातलं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की त्याच्या पोटात गोळा यायचा आणि ते माणूस धडधाकट परत आलं की गोळा विरघळायचा. एवढंच. आता घरातल्या माणसांना दिवसातून दहादा उंबरा ओलांडावा लागतो, त्याला कोण काय करणार! तेजरामचा अर्धा जन्म त्या गोळ्याची ये-जा सोसण्यात गेला.

त्याचं गाव पिंपळटोला, आमगावपासून सात-आठ किलोमीटर आत. चार एकर धानाची शेती, एक बैलजोडी, एक म्हैस, बायको गुणवंता आणि एकुलती मुलगी दुर्गेश्वरी. घरात गॅस आला तेव्हा सिलिंडर गोठ्यात ठेवा म्हणून हा गृहस्थ अडून बसला होता. "म्हशीनं तुमचं काय घोडं मारलं?" असं गुणवंतानं विचारलं तेव्हा कुठं सिलिंडर घरात आला. दुर्गेश्वरी आमगावच्या कॉलेजात जायला लागली तेव्हा हा रोज चार वाजता फाट्यावर जाऊन उभा राही. बाप घ्यायला येतो म्हणून मैत्रिणी हसतात, असं पोरीनं रडून सांगितलं. मग तो फाट्यावरच्या मोहाच्या झाडाआड उभा राहू लागला. पोरगी बसमधून उतरलेली दिसली की आडवाटेनं तिच्या आधी घरी पोचायचा आणि गुमान वैरण कापत बसायचा. असं का, याचं कारण लोकांनी पुष्कळ शोधलं. लहानपणी काही पाहिलं असेल, कोणी बुडालं असेल. तसलं काही नव्हतं. काही माणसांना गोड जास्त आवडतं, तशी याला काळजी जास्त लागायची.

गुणवंताला पहाटे बाहेर जाताना साप डसेल, या धास्तीनं त्यानं घरामागे पक्का संडास बांधून घेतला. टोल्यातला पहिला. आणि हाच संडास त्याला भोवला.

दोन हजार सातच्या जुलैत गोंदियाजवळच्या फुलचूरहून धनेंद्र नावाचा एक कार्यकर्ता गावात आला. त्याच्या संस्थेकडे परदेशातली पोरं-पोरी खेड्यातल्या शाळांत सहा महिने फुकट शिकवायला येत. एका मुलीसाठी त्याला असं घर हवं होतं जिथं वेगळी खोली असेल, पक्का संडास असेल आणि चार वाक्यं इंग्रजी बोलणारं कोणी असेल. असं घर टोल्यात एकच होतं. तेजराम तेव्हा धानाच्या रोवणीच्या चिखलात होता. दुर्गेश्वरीनं बापाला न विचारता हो म्हणून टाकलं.

आठ दिवसांनी हेन्ना आली. फिनलंड नावाच्या देशातली, तेवीस वर्षांची, उंचीला तेजरामपेक्षा वीतभर जास्त. हसली की डोळे मिटायचे. पहिल्याच दिवशी मांडी घालून भात-डाळ हातानं जेवली, गुणवंताला 'आई' म्हणाली आणि तेजरामला, दुर्गेश्वरीचं ऐकून, 'बाबूजी'. तेजराम विरघळलाच असता, पण दुसऱ्या दिवशी धनेंद्र त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. परदेशी पाहुणीचा कागद भरायचा होता. कागदाच्या तळाशी 'जबाबदार व्यक्ती' असं लिहिलं होतं आणि पुढं रेघ. त्या रेघेवर तेजरामनं सही केली. हवालदार म्हणाला, "काका, दरेकशाकडचा डोंगर आहे, जंगल आहे, जमाना खराब आहे. पोरीला काही झालं तर पहिला तुम्हालाच बोलावणार." तो थट्टेत म्हणाला की खरं, ते तेजरामला कधीच कळलं नाही. घरी येईस्तोवर त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सोमवार ते शनिवार काही त्रास नव्हता. शाळा शंभर पावलांवर. हेन्ना पोरांना इंग्रजी शिकवायची, चित्रं काढायला लावायची. तेजराम बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभा राहिला तरी त्याला शाळेचं छप्पर दिसायचं. घोडं पेंड खायचं ते रविवारी. रविवारी शाळेला सुट्टी आणि हेन्नाला पाय फुटत. तिच्या देशात तळ्यांना आणि जंगलांना तोटा नाही, तिथं लहान पोरंसुद्धा एकटी रानात हिंडतात, असं तिनं दुर्गेश्वरीला सांगितलं होतं. तिथं काही चावत नाही का, असं तेजरामनं विचारायला लावलं. डास चावतात, असं उत्तर आलं.

पहिल्या रविवारी तो तिच्यासोबत गेला. गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, ती दुर्बीण लावून पाणकोंबड्या पाहत बसली. हा मागं उभा राहून "पाय सरकन", "तिकडं गाळ हाय", "त्या दगडाखाली इचू राह्यतेत" असं पुटपुटत राहिला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पाणकोंबड्यांना मात्र सगळं कळलं. भर्रकन उडाल्या. दुसऱ्या रविवारी हेन्नानं फार गोडीनं, दुर्गेश्वरीमार्फत, सांगितलं की बाबूजींनी आराम करावा, ती एकटीच जाईल.

त्या दुसऱ्या रविवारी सकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण. बोट बाहेर दाखवत, दोन मराठी आणि चार इंग्रजी शब्द जुळवून ती सांगू लागली, "आई, मी..." आणि गुणवंतानं घाईघाईनं पंजा पुढं केला.

"हां हां, बाई! सांगू नोको. जा, येजो."

गुणवंताचं काही चुकलं नाही. निघालेल्या माणसाला 'कुठं' असं विचारायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याला टोकणं म्हणतात. टोकलं की गाडी चुकते, काम फिसकटतं, पाय तरी मुरगळतो. निघणाऱ्यानंही उंबऱ्यात उभं राहून गावाचं नाव घ्यायचं नसतं. 'येतो' म्हणायचं आणि पाऊल टाकायचं. विचारायचंच झालं तर 'लांबून येणं होईल का?' एवढं चालतं. हेन्नाला हे सांगायला हवं होतं. पण पाण्याला पाणी म्हणतात हे कोणी पाहुण्याला सांगतं का? कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हेन्नानं दाखवलेलं बोट खाली घेतलं, "येतो" म्हणाली आणि गेली. तिथून पुढं कुठल्याच रविवारी तिनं काही सांगितलं नाही आणि या घरानं काही विचारलं नाही.

आता तेजरामची हालत बघा. पोरगी कुठं गेली हे कळल्याशिवाय त्याला घास उतरेना आणि विचारावं तर तिच्याच जिवावर बेतेल ही धास्ती. शनिवारी संध्याकाळी विचारायला हरकत नव्हती, कारण आदल्या दिवशी विचारणं म्हणजे टोकणं नव्हे. पण हेन्नानं दुर्गेश्वरीला आधीच सांगितलं होतं, रविवारी सकाळी उठून आभाळ बघते आणि मग ठरवते. मग त्यानं दुसरा मार्ग काढला. रविवारी सकाळी तो पडवीत विळ्याला धार लावायचं सोंग घेऊन बसायचा आणि ती काय-काय घेते ते तिरक्या नजरेनं बघायचा. गुडघ्यापर्यंतचे बूट घातले म्हणजे नाला. टोपी आणि दोन बाटल्या पाणी म्हणजे डोंगर. जुन्या चपला आणि दुर्बीण म्हणजे टोल्यातल्याच उदारामचं शेत, कारण उदारामच्या बांधीत त्या वर्षी सारस पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं, पिल्लूही निघालं होतं, आणि हेन्ना त्या पिल्लापायी वेडी झाली होती. एका रविवारी तिनं कुठलंच नेहमीचं सामान घेतलं नाही, नुसती छत्री घेतली. तेजरामचा हिशेब कोलमडला. ती आमगावहून गाडी पकडून दरेकशाला उतरून हाजरा फॉल बघायला गेली होती. परतीची गाडी दोन तास लेट. फाट्यावर तिला आमगावच्या बसमध्ये चढताना कोणीतरी पाहिलं होतं, म्हणून शोधत शोधत तेजराम आमगावच्या स्टेशनावर पोचला, ते दोन तास त्यानं तिथंच काढले, आणि ती डब्यातून उतरताना दिसल्यावर मालाच्या पोत्यांआड दडला आणि मिळेल त्या गाडीनं तिच्याआधी घरी पोचला. ती घरी आली तेव्हा हा वैरण कापत होता. तिनं "बाबूजी, लई पाणी!" म्हणत हातांनी धबधबा दाखवला. यानं मान हलवली. "असते," म्हणाला.

एवढंच बोलला. दोन तास जीव टांगणीला लागलेल्या माणसाचे शब्द असे संपून गेलेले असतात.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार उजाडला. हलके धान निसवले होते, आभाळ स्वच्छ होतं. हेन्नानं जुन्या चपला घातल्या, दुर्बीण घेतली, गुणवंतानं दिलेल्या दोन पोळ्या फडक्यात बांधल्या. तेजरामनं विळ्यावरून नजर उचलली आणि निश्वास सोडला. उदारामचं शेत. अर्ध्या कोसावर, ना पाणी ना डोंगर. असा सोपा रविवार त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत कापायला गेला आणि चक्क गुणगुणू लागला.

अकराच्या सुमारास कोतवाल हिरालाल डफडं बडवत आला.

"ऐका हो! वरच्या धरणाचं पाणी दोन वाजता सोडून राहिले! नदीत कोणी उतरू नोका, ढोरं नेऊ नोका हो!"

तेजरामनं ऐकलं आणि मनाशी म्हटलं, आपल्याला काय! पोरगी शेतात आहे, वाघ नदी तिथून पाऊण कोस. परत विळा चालवला. चार मुठी गवत कापलं असेल नसेल, गोळा आलाच. जाऊन नुसतं लांबून बघून येऊ, म्हणजे दुपारचं जेवण तरी गोड लागेल, असं ठरवून तो उठला.

उदारामच्या शेतात हेन्ना नव्हती. सारसही नव्हते. उदाराम एकटा बांधीचं पाणी काढत होता.

"सारस? ते तर तीन दिवस झाले नदीकडं गेले गा, पिल्लू घेऊन. मी त्या बाईले परवा सांगितलो."

तेजरामनं नदीच्या दिशेला पाहिलं. "आणि ती? इकडं आली होती ना?"

"सकाळीच गेली ना इथून, धुऱ्याधुऱ्यानं."

"कुठं गेली?"

उदारामनं फावडं टेकवलं. "आता चालत्या माणसाले मी कायले टोकू?"

तो बरोबर बोलत होता. तेजराम त्याच्या जागी असता तर त्यानंही हेच केलं असतं. पुढं निंदणाऱ्या बाया भेटल्या. त्यांनी तिला पाहिलं होतं, हात हलवला होता, पोरगी हसली होती. विचारलं कोणीच नव्हतं. पुलाजवळच्या पानठेल्यावर चार माणसं होती. चौघांनीही पाहिलं होतं. तिथून दोन वाटा फुटत, एक जंगलाच्या कडेनं टेकडीकडं, एक नदीकडं. कुठल्या वाटेला लागली म्हणावं, तर माना फिरवल्या होत्या सगळ्यांनी. जाणाऱ्याकडं टक लावून बघणंही बरं नव्हे! सबंध शिवारानं त्या पोरीला मोठ्या आदबीनं वाट दिली होती आणि त्या आदबीपायी आता ती कुठं आहे हे एकालाही माहीत नव्हतं. तेजराम रडायच्या बेतात आला होता. नदीकडं जावं आणि ती टेकडीवर असावी तर बरंच. पण टेकडीकडं जावं आणि ती नदीत असली तर?

तेवढ्यात फटफट आवाज करत मुन्नालाल आला. आमगावचा हा फेरीवाला मोपेडवर पातळांचे गठ्ठे लादून गावोगाव कापड विकायचा. तेजरामचं आणि त्याचं मुळीच पटत नसे. या माणसाला रीतभात म्हणून नव्हती. लग्नाला निघालेली वरात असो की दवाखान्यात निघालेला म्हातारा, हा मोपेड आडवी घालून विचारायचा, "किधर?" एकदा गुणवंता माहेरी निघाली असताना त्यानं असंच टोकलं होतं आणि पुढच्या वळणावर बैलगाडीचं चाक निघालं होतं. तेव्हापासून तेजरामनं त्याच्याकडून साधा गमछाही घेतला नव्हता.

आता तेजराम रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"मुन्नाभाऊ, आमची ती गोरी पोरगी दिसली का?"

"हाँ, मिली ना सुबह. मैंने पूछा, मैडम किधर?" मुन्नालाल दात काढून म्हणाला. "बहुत खुश हो गई. हाथ से दिखाया, नदी. वो दो धार के बीच में रेती है ना, कास फूली है जहाँ, उधर. सारस का बच्चा देखने."

दोन धारांमधली रेती! नदीला पाणी सुटलं की सगळ्यांत आधी तीच बुडते. पानठेल्यावरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. तेजराम न विचारता मोपेडवर, गठ्ठ्यांच्या वर चढून बसला. "चाल," म्हणाला, "लवकर चाल बाप्पा!"

त्या वाटेवर तेजरामच्या मनात काय-काय आलं ते सांगण्यात अर्थ नाही. त्याला हेन्नाची आई दिसत होती. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, फोटोतही नाही. तरी ती दिसत होती, लांब देशातल्या कुठल्याशा तळ्याच्या काठी उभी, आणि विचारत होती की माझी पोरगी तुझ्या घरून निघाली तेव्हा कुठं जाते म्हणून तू विचारलंस का?  सहीची, हवालदाराची आठवणसुद्धा त्याला त्या वेळी झाली नाही.

ते काठावर पोचले तेव्हा दोन वाजायला अवकाश होता, पण नदीचा रंग बदलला होता. सकाळचं निवळ पाणी भुरं झालं होतं आणि काडीकचरा वाहत येत होता. दोन वाजता म्हणजे दोन वाजताच सोडतात असं थोडंच आहे! अलीकडची धार पंचवीस-तीस हात रुंद. पलीकडं पांढऱ्या तुऱ्यांच्या कासगवताआड हेन्ना पालथी पडून दुर्बीण लावून बघत होती. तिच्या पुढं साठ-सत्तर पावलांवर सारसाची जोडी आणि मध्ये तांबूस पिल्लू.

"हेन्ना! ओ हेन्ना! पाणी येऊन राहिले! पळ!"

हेन्नानं मान वळवली. बाबूजींना पाहिलं. आणि ओठांवर बोट ठेवलं. चूप!

तेजरामला पोहता येत नव्हतं. आयुष्यात तो बैल धुण्यापलीकडं पाण्यात उतरला नव्हता. पण ते बोट पाहिलं आणि त्याचं टाळकं फिरलं. त्यानं धोतर खोचलं आणि सरळ धारेत घुसला. मुन्नालाल मागून ओरडत होता, "काका, रुको! काका!" पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. मधोमध पोचला तेव्हा कमरेच्या वर होतं आणि पायाखालची रेती सरकत होती. तेव्हाही तो ओरडतच होता. मग पायाखाली काहीच उरलं नाही.

पुढचं मुन्नालालनं गावात जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा त्यात भर घातली, पण मूळ गोष्ट अशी. सारस उडाले. हेन्नानं वळून पाहिलं, तिला बाबूजींचं नुसतं डोकं दिसलं, मग तेही दिसेना. तिनं दुर्बीण तशीच टाकली आणि पळत येऊन पाण्यात सूर मारला. बगळ्यानं मासा उचलावा तसं तिनं त्याला सदऱ्याच्या मागून धरून वर काढलं. पण धारेला आता ओढ लागली होती आणि एका हातात माणूस घेऊन तिला काठ गाठता येईना. दोघं धारेबरोबर खालच्या अंगाला वाहत जाऊ लागली. तेव्हा मुन्नालालनं गठ्ठा फाडला, दोन कोरी पातळं एकमेकांना गाठ मारून बांधली आणि काठाकाठानं पळत जाऊन फेकली. दुसऱ्या फेकीत टोक हेन्नाच्या हाती लागलं. वर आल्यावर तिघंही चिखलात पडून राहिली. अर्ध्या तासात रेतीचा तो पट्टा, कास, पोळ्यांचं फडकं, दुर्बीण, सगळं पाण्याखाली गेलं. एक अख्खं झाड मुळासकट वाहत गेलं.

कोणी कोणाला वाचवलं यावर गावात पुढं बरीच वादावादी झाली. उदारामचं म्हणणं, तेजराम मध्ये कडमडला नसता तर बाई आरामात पोहून आली असती. मुन्नालालचं म्हणणं, ती पिल्लू बघत तशीच पडून राहिली असती आणि मग त्या झाडापुढं कसलं पोहणं! ते काय ते नदीलाच ठाऊक.

संध्याकाळी अंगणात तेजराम घोंगडी पांघरून बसला होता. दात वाजत होते. हेन्ना समोर उकिडवी बसली होती आणि पहिल्यांदाच या घरात आवाज चढवून बोलत होती. दुर्गेश्वरी मधे बसून मराठी करत होती.

"बाबूजी, ती म्हणते, तुमाले पोहता येत नाई तर पाण्यात कायले उतरले? तुमी मेले असते तर?"

तेजरामनं घोंगडी आणखी आवळून घेतली.

हेन्ना पुन्हा बोलली. या वेळी हळू. दुर्गेश्वरी ऐकता-ऐकता थांबली आणि बापाकडं न बघता म्हणाली, "ती म्हणते, तुमी माह्यासाठी असं कराल असं वाटलं नव्हतं. मी रविवारी बाहेर जातो कारण तुमाले तुमचं घर एक दिवस तरी मोकळं मिळावं. पहिल्यांदा मी सांगायले गेली, तर आईनं हात करून थांबवलं. मग कोणीच कधी विचारलं नाई. मले वाटलं, मी गेली की तुमाले बरं वाटते."

गुणवंतानं तोंडाला पदर लावला. "काय बाई बोलते ही! अवं, टोकू नाई म्हनून..."  ते हेन्नाला समजावून सांगायला दुर्गेश्वरीला पुष्कळ वेळ लागला. न विचारणं हीच माया, हे इंग्रजीत तिला काही केल्या नीट बसवता येईना.

तेजरामनं मात्र तेवढ्यात मान वर केली. "तिले सांग," तो म्हणाला, "दुसऱ्या रविवारी तू सारस पाह्यले गेली, बारा वाजून दहा मिनिटानं आली. तिसऱ्याले नाल्यावर. साडेतीन. उजव्या पायाले खरचटलं होतं. चौथ्याले टेकडीवर गेली, पाणी संपलं, येताना उदारामच्या विहिरीवर पेली. पाचव्याले गाडी लेट होती. सात वाजून वीस मिनिटानं उतरली, तिसऱ्या डब्यातून. मी स्टेशनावर होतो. सांग तिले."

दुर्गेश्वरी सांगत गेली आणि सांगता-सांगता रडू लागली, कारण मोहाच्या झाडाआडचा माणूस तिला आजच पहिल्यांदा दिसत होता. हेन्नानं तेजरामचे दोन्ही हात धरले. ते गारठले होते, ती कितीतरी वेळ ते चोळत बसली.

गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं. पण मुन्नालालची मोपेड सात गावं फिरते. सोमवारी दुपारपर्यंत बातमी फुलचूरला पोचली आणि मंगळवारी सकाळी धनेंद्र पांढरी गाडी घेऊन दारात उभा. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"काका, तुमच्यावर कसलाही ठपका नाही," तो खरंच अदबीनं बोलला. "पण संस्थेनं ठरवलंय, हेन्नाला फुलचूरला ठेवायचं. ऑफिसच्या वर खोली आहे, जवळच शाळा आहे. तुमच्याही जिवाला घोर नको. इथं फक्त सही करा, आजपासून तुमची जबाबदारी संपली."

पोलीस ठाण्यातल्या त्या सहीपासून तेजरामनं देवाकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. हाच कागद, हेच शब्द. त्यानं पेन हातात घेतलं. हेन्ना दाराशी उभी होती, बॅग भरलेली. डोळे सुजलेले होते. तिला माहीत होतं, या माणसाला आणखी त्रास द्यायचा तिला हक्क नाही.

"फुलचूरले रविवारी ती काय करन?" तेजरामनं विचारलं.

"काय करणार? खोलीवर राहील. बाहेर पडायचं असेल तर अर्ज द्यावा लागेल."

"आणि बाहेर गेली, तर येईपर्यंत तिची वाट पाहत कोण बसन?"

धनेंद्रला प्रश्न नीट कळला नाही. "चौकीदार आहे ना, काका. चोवीस तास."

"चौकीदार झोपते," तेजराम म्हणाला.

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि कागदासकट ते परत केलं.  धनेंद्रनं परोपरीनं समजावलं. शेवटी जरा चिडून म्हणाला, "काका, मग तुम्ही गॅरंटी देता का, डिसेंबरपर्यंत तिला काही होणार नाही म्हणून?"

"नाई. गॅरंटी कोण देते, बाप्पा? नदी देते का?" तेजराम उठून उभा राहिला. घोंगडी खांद्यावरून खाली पडली. "पण मले तिचं भेव वाटते. तुमच्या खोलीले वाटत नाई, चौकीदाराले वाटत नाई. जिथं तिच्यासाठी भेणारं माणूस हाय, तिथंच राहू द्या तिले."

धनेंद्रनं कागदाची घडी केली. मग तो चहा प्यायला, संस्थेशी फोनवर बोलून बघतो म्हणाला आणि गेला. गाडीत हेन्नाची बॅग नव्हती. ती तोवर गुणवंतानं आत नेऊन उलगडलीसुद्धा होती.

शुक्रवारी संध्याकाळी हेन्ना स्वतः पडवीत आली. जमिनीवर बोटानं नकाशा काढून, दुर्गेश्वरीची मदत न घेता, तिनं बाबूजींना सांगितलं की रविवारी ती कचारगडच्या गुहा बघायला जाणार आहे. डोंगर चढून. गुहा फार मोठ्या आहेत म्हणे, आत अंधार असतो, वटवाघळं असतात. पाच वाजता परत.

तेजरामनं नकाशा नीट पाहून घेतला. "बरं," म्हणाला. मग विळा उचलून शेतावर गेला आणि धुऱ्यावर बसून शुक्रवारपासूनच भ्यायला लागला.